काकांच्या रॅलेला नवे गिअर: आधी मिलिमीटर मोजा

प्रश्न: काकांनी १९८० च्या दशकात इंग्लंडहून आणलेली रॅलेची रेसर सायकल आता माझ्याकडे आली आहे. फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ या स्टीलच्या नळ्यांची. मागे ६ चकत्यांचं फ्रीव्हील, खालच्या नळीवर क्लिक नसलेले दोन लिव्हर, पुढे ५२/४२ दात्यांच्या चेनरिंग. मला तिच्यावर सिंहगड चढायचा आहे. मित्राकडून शिमानोच्या टिॲग्रा ४६०० या रोड मालिकेचे १०-स्पीड ब्रेक-शिफ्टर आणि १३० मिमी हबचं ७००-सी चाक मिळालं. ११ ते ३४ दात्यांची १०-स्पीड कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि शिमानोच्याच डिओर या माउंटन मालिकेचा १०-स्पीड डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) मी विकत घेतला. सगळं १०-स्पीडचंच असूनही गिअर बसत नाहीत. एक मेकॅनिक म्हणतो फ्रेम वाकडी आहे, दुसरा म्हणतो इतकी जुनी सायकल नवे गिअर घेणारच नाही. काय करू?

उत्तर:

फ्रेम वाकडी आहे की नाही हे न बघता सांगणं मला जमणार नाही, पण गिअर बसत नाहीत त्याला फ्रेम कारण नाही आणि सायकलचं वय तर मुळीच नाही. एक करून बघा. सायकल स्टँडवर घ्या, चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा आणि टिॲग्राच्या उजव्या लिव्हरला तीन क्लिक द्या. चेन तीन चकत्या चढायला हवी. माझ्या हिशेबाने ती दोनच चढेल. तसेच क्लिक देत राहा. सातव्या चकतीच्या आसपास क्लिक संपतील आणि वरच्या तीन मोठ्या चकत्यांपर्यंत, म्हणजे ज्या सिंहगडासाठी तुम्ही घेतल्या तिथपर्यंत, चेन पोचणारच नाही.

हे मी सायकल न बघता कसं सांगतो? कारण खोक्यावर लिहिलेलं "१०-स्पीड" हे फक्त चकत्या किती ते सांगतं. क्लिक बसतात की नाही ते ठरतं तीन मापांवर. एका क्लिकला लिव्हर किती मिलिमीटर केबल ओढतो, हे पहिलं. केबल एक मिलिमीटर ओढली की डिरेलर आडवा किती सरकतो, हे दुसरं. आणि शेजारच्या दोन चकत्यांच्या मध्यांमधलं अंतर, हे तिसरं. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसऱ्याइतका आला की गिअर बसला. नाही आला तर बॅरल, म्हणजे केबल ताणायचा गोल स्क्रू, कितीही फिरवा, एका टोकाला जुळवलं की दुसऱ्या टोकाला बिघडेल.

तुमचा हिशेब मांडू. टिॲग्रा ४६०० चा लिव्हर एका क्लिकला सुमारे २.३ मिमी केबल ओढतो. डिओरचा १०-स्पीड डिरेलर केबलच्या १.२ पट सरकतो. २.३ गुणिले १.२ म्हणजे २.७६. कॅसेटमधलं अंतर आहे ३.९५. दर क्लिकला सव्वा मिलिमीटरच्या जवळपास तूट पडते. तीन क्लिकला ८.२८ मिमी, म्हणजे दोन चकत्या आणि वर थोडं. नऊच्या नऊ क्लिक दिले तरी २५ मिमीच्या आत, आणि पहिल्या चकतीपासून दहावीपर्यंतचं अंतर साडेपस्तीस. मेकॅनिकने कदाचित दोन तास बॅरल फिरवलं असेल. त्याची मेहनत खोटी नव्हती, पण हे गणित बॅरलने सुटणारं नव्हतंच.

शिमानोने १९८४ साली ड्युरा-एस ७४०० मध्ये क्लिकचे गिअर आणले. त्या मालिकेचं प्रमाण, म्हणजे वरचं दुसरं माप, स्वतंत्र होतं, म्हणून जुन्या बाजारात ७४०० चा डिरेलर हाती लागला तर तो कपाटात ठेवावा किंवा क्लिक नसलेल्या लिव्हरवर वापरावा. त्यानंतरच्या बहुतेक शिमानो डिरेलरमध्ये मात्र १.७ हे प्रमाण वर्षानुवर्षं टिकलं. ७, ८ आणि ९-स्पीडच्या रोड आणि माउंटन दोन्ही डिरेलरमध्ये तेच, आणि रोडच्या पहिल्या पिढ्यांतल्या १०-स्पीडमध्येही तेच. बदलला तो लिव्हर: ८-स्पीडला २.८ मिमी, ९ ला २.५, १० ला २.३. चकत्यांमधलं अंतर ४.८, ४.३५, ३.९५. गुणाकार करून बघा, सगळे जुळतात.

मग १०-स्पीड माउंटनला प्रमाण १.२ झालं, ११-स्पीड रोडला १.४. कारण शहाणपणाचं होतं. एका क्लिकला केबल जितकी कमी ओढायची तितका आऊटरमधला (केबलवरच्या नळीतला) चिखल आणि गंज जास्त नडतो. पावसाळ्यात ताम्हिणीतून आलेली कुठलीही १०-स्पीड रोड सायकल बघा, पॅडलचा एक्सल फिरतो त्या बीबीखालच्या केबलच्या खाचेत लाल माती बसलेली असते आणि मधले तीन गिअर कुरकुरत असतात. जास्त केबल ओढून डिरेलर कमी हलवला की ही कुरकुर कमी होते. पण त्यामुळे एकाच कंपनीचे, एकाच "१०" आकड्याचे दोन भाग एकमेकांशी बोलेनासे झाले. त्यातही टिॲग्रा ४६०० आणि नंतरचा ४७०० दोन्ही १०-स्पीड, तरी ४७०० चं प्रमाण १.४. ओळखायची सोपी खूण अशी: ४६०० च्या लिव्हरमधून गिअरची केबल बाजूने बाहेर येते आणि हँडलसमोर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते; ४७०० मध्ये ती टेपखालून जाते. तुमचे नक्की ४६०० आहेत ना, ते आधी बघून घ्या. पुढचं सगळं त्यावर आहे.

आता उपाय. लिव्हर आणि कॅसेट तशीच ठेवून फक्त डिरेलर बदलायचा असेल तर ९-स्पीडचा लांब पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे दोन पुली असलेला खालचा भाग) माउंटन डिरेलर घ्या: जुना डिओर, अलिव्हिओ किंवा आल्टस. २.३ गुणिले १.७ म्हणजे ३.९१. लागतात ३.९५. जमलं. घाटात ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी) करणारे आमच्यातले कितीतरी लोक हीच जोडी वापरत आले आहेत, कारण जुने रोड डिरेलर २८ किंवा फार तर ३० दात्यांपर्यंत जायचे आणि माउंटनचा ९-स्पीड ३४ आरामात घेतो. घेताना दोन गोष्टी जपा. शिमानोच्या २०२३ पासूनच्या क्यूज मालिकेतही ९-स्पीड डिरेलर आहे. तो इथे चालणार नाही, त्याचं प्रमाण वेगळं. आणि जुना घेत असाल तर उलट्या स्प्रिंगचा घेऊ नका, म्हणजे केबल सोडल्यावर जो मोठ्या चकतीकडे पळतो तो. हाताने ढकलून बघितलं की लगेच कळतं. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलात तर पिंजरा धरून आडवा हलवून बघा. सांध्यांत डगडग असेल तर दोनशे रुपयांतही महाग आहे.

मात्र तुम्ही मला "काय करू" असं विचारलंय, आणि माझं मन दुसऱ्याच उपायाकडे आहे.

काकांचे लिव्हर काढू नका.

खालच्या नळीवरचा क्लिक नसलेला लिव्हर म्हणजे मागासलेली वस्तू नाही. त्याला प्रमाण माहीतच नसतं, म्हणून प्रमाणाची भांडणं त्याच्यापाशी येत नाहीत. त्याला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्यात एकूण केबल पुरेल का? ८-स्पीड कॅसेटला सात उड्या, दर उडी ४.८ मिमी, एकूण ३३.६ मिमी. १.७ च्या डिरेलरला त्यासाठी २० मिमीपेक्षा किंचित कमी केबल लागते. लिव्हरच्या ज्या गोल भागावर केबल गुंडाळली जाते त्याचा व्यास १६ मिमी असेल तर अर्ध्या फेऱ्यात तो २५ मिमी ओढतो. पुरून उरतं. तुमच्या डिओर १०-स्पीडवर मात्र हाच लिव्हर अपुरा पडेल, तिथे ८-स्पीडलाही २८ मिमी लागतात. तेव्हा डिरेलर दोन्ही वाटांनी बदलायचाच आहे. तो परत देता आला तर द्या, नाहीतर एखाद्या माउंटन सायकलवाल्याला विका.

८-स्पीडच का, १० का नको? चेनमुळे. ८-स्पीडची चेन बाहेरून सुमारे ७.१ मिमी रुंद असते, १० ची ६ च्या जरा आत. काकांच्या ५२ आणि ४२ च्या चेनरिंगमधली फट जुन्या, रुंद चेनसाठी ठेवलेली आहे. अरुंद चेन वरून खाली येताना त्या फटीत अडकते किंवा लहान रिंगच्या दात्यांवर न बसता नुसती वरून घसरत राहते. चढावर, उभं राहून जोर लावताना असं झालं तर गुडघा सरळ हँडलवर आपटतो. ८-स्पीडच्या चेनला हा त्रास होत नाही. कॅसेटही त्याच हबवर थेट बसते. १०-स्पीडच्या बहुतेक शिमानो कॅसेटमागे १ मिमीची चकती घालावी लागते, ती इथे काढून टाकायची, एवढाच फरक. शिवाय आजच्या कॅसेटच्या दात्यांना चढउतारासाठी खाचा काढलेल्या असतात. काकांच्या काळात उडी मारताना लिव्हर थोडा पुढे नेऊन मागे घ्यावा लागे. आता तो जवळपास पोचला की चेन स्वतःच चढते. पंधरा दिवसांत हाताला सवय होते आणि मग कान सांगतो गिअर कुठे आहे.

यात उणं काय, तेही सांगतो. गिअर बदलायला हात हँडलवरून काढावा लागतो. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत, एका बाजूला पीएमपीची बस आणि दुसऱ्या बाजूला खड्डा, तिथे हे कठीण जातं. उभं राहून चढताना तर गिअर बदलताच येत नाही; आधीच ठरवून बदलावा लागतो. हे नकोच वाटलं तर हँडलच्या टोकाला बसणारे शिफ्टर मिळतात. शिमानोच्या ८ आणि ९-स्पीडच्या अशा शिफ्टरमध्ये क्लिक बंद करून नुसत्या घर्षणावर चालवायची सोय होती. मायक्रोशिफ्टही असे शिफ्टर बनवते.

काकांचा लिव्हर चढावर आपोआप सैल पडत असेल तर त्याला तेल पाजू नका. बऱ्याचदा घरी हीच चूक होते. खोलून सगळे वॉशर रॉकेलने धुवा, कोरडे पुसा, जसे होते तसे बसवा आणि बाहेरचा स्क्रू थोडा थोडा घट्ट करत जा. स्प्रिंगच्या ओढीला थोपवेल आणि अंगठ्याला जड वाटणार नाही, असा एक बिंदू सापडतो. खोलण्याआधी वॉशरचा क्रम फोटोत घ्या. त्यातलं एक उलटं बसलं तरी लिव्हर धरत नाही.

आता फ्रेम. जुनी ६-स्पीड सायकल मागे १२६ मिमीची, तुमचं चाक १३० चं. तुम्ही बहुधा फ्रेमचे मागचे दोन पाय हाताने फाकवून चाक घुसवलं असेल. चाक बसतं, पण दोन्ही ड्रॉपआउट, म्हणजे एक्सल बसतो त्या खाचा, समांतर राहत नाहीत आणि कसलेला एक्सल कायम वाकलेल्या ताणात राहतो. स्टीलची फ्रेम थंडीच, म्हणजे न तापवता, रुंद करता येते. प्रत्येक बाजूला फक्त २ मिमी. ५३१ ला यात काही होत नाही. पण स्टिकरवर ७५३ असेल तर हात लावू नका, ती उष्णता देऊन कडक केलेली नळी आहे. ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या बाबतीत तर हा विषयच काढू नका. लांब आट्यांचा रॉड दोन पायांमध्ये घालून नट फिरवत फाकवू नका. त्यात जी बाजू मऊ असेल तीच जास्त वाकते. मी एका बाजूला फळीचा आधार घेऊन एक एक पाय वेगळा वाकवतो आणि दर वेळी दोऱ्याने तपासतो. पुढच्या हेडच्या नळीभोवती दोरा घेऊन तो दोन्ही ड्रॉपआउटना ताणून बांधायचा आणि बसण्याच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. सारखं आलं की झालं. मग ड्रॉपआउट समांतर करायचे आणि शेवटी डिरेलरचा हँगर, म्हणजे तो टांगायचा फ्रेमचा कान, मापकाने सरळ करायचा. पहिला मेकॅनिक "वाकडी" म्हणाला ते हँगर बघून म्हणाला असेल, तर तेवढ्यापुरता तो बरोबर असू शकतो. चाळीस वर्षांच्या सायकलचा हँगर सरळ असण्यापेक्षा वाकडा असण्याचीच शक्यता जास्त. सुदैवाने तो स्टीलचा आहे, सरळ होतो.

चाकाबद्दल आणखी एक. त्या काळच्या रॅले बऱ्याचदा २७ इंचाच्या चाकावर असत. २७ इंचाच्या रिमचं टायर बसण्याचं माप ६३० मिमी, ७००-सी चं ६२२. म्हणजे ब्रेकचे रबर ४ मिमी खाली उतरायला हवेत. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का ते बघा. रबर अर्धवट टायरवर घासत असेल तर त्या सायकलवर सिंहगड उतरू नका. गिअरचं आऊटर ब्रेकला घालू नका, शिल्लक तुकडा असला तरी. त्याच्या तारा लांबीने सरळ असतात, ब्रेकच्या जोराने फाटतात. अशी एक सायकल माझ्याकडे आली होती. बोपदेव उतरताना मागचं आऊटर फुटलं होतं आणि पुढचा ब्रेक शाबूत होता म्हणून तो मुलगा वाचला. टिॲग्राचे लिव्हर लावायचं ठरवलंत तर आणखी एक: त्यांची ब्रेकची केबल ओढण्याची मात्रा काकांच्या कॅलिपरसाठी (रिम पकडणाऱ्या ब्रेकसाठी) ठरवलेली नाही. सपाट रस्त्यावर, कमी वेगात, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून खात्री केल्याशिवाय घाटात जाऊ नका.

आता खरा प्रश्न, सिंहगड. ४२ च्या चेनरिंगवर मागे २८ ची चकती म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्याला चाकाचे दीड फेरे. चाकाचा परीघ २.१ मीटर धरा. मिनिटाला ६० फेरे मारत राहायचं तर वेग ताशी ११ किलोमीटरच्या वर ठेवावा लागतो. गोळेवाडीचा नाका सुटला की तो वेग माझ्यासारख्या माणसाला टिकत नाही. मग फेरे चाळीसवर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर जातो. ४२ ला ३४ केलंत तर त्याच फेऱ्यांत वेग नऊच्या जरा वर. पुढे ३४ आणि मागेही ३४ असेल तर साडेसात. हा शेवटचा गिअर मी कुणालाही कमीपणाचा मानू देत नाही. घाट चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला पाहिजे.

पुढे ३४ लावायची तर क्रँक, म्हणजे पॅडल आणि चेनरिंग बसतात तो दांडा, बदलावा लागेल बहुतेक. त्याआधी मोजा: पाच बोल्टांपैकी शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर ८४.६ मिमी आलं तर क्रँक १४४ चा (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १४४ मिमी) आहे आणि त्यावर ४१ पेक्षा लहान रिंग बसतच नाही. ७६.४ आलं तर १३० चा, त्यावर ३८ पर्यंत. ६४.७ आलं तर ११० चा, ३४ खुशाल लावा. नवा चौकोनी एक्सलचा ११० चा क्रँक घ्यायचा ठरवलात तर बीबी उघडताना एक जपा. नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून आलेल्या पुष्कळ रॅलेंच्या बीबीला इंचाला २६ आटे असत. बाजारात मिळणारा साधा बीबी २४ आट्यांचा. दोन फेरे बसतो, मग अडतो, आणि जोर लावला की फ्रेमचे आटे कापले जातात. काकांचा जुना कप आणि आटे मोजायची पट्टी घेऊन बसा. २६ निघाले तर जुने कप तसेच ठेवा, नवे छर्रे आणि ग्रीस घाला, आणि फक्त योग्य लांबीचा एक्सल शोधा. चेनरिंगमध्ये १६ दात्यांचा (५०/३४) फरक आला की पुढचा डिरेलरही बदलावा लागेल. त्याच्या पिंजऱ्याला तेवढी खोली हवी.

घाई नसेल तर हे सगळं एकदम करू नका. आधी ८-स्पीड ११-३४, ९-स्पीडचा डिरेलर, काकांचे लिव्हर आणि जुनाच क्रँक एवढ्यावर खडकवासल्यापर्यंत रोज जा. मग बोपदेव. गुडघे काय म्हणतात त्यावर क्रँकचं ठरवा.

आणि डिरेलर बदलल्यावर लिमिटचे स्क्रू. हे मी शेवटी लिहितोय, पण सायकलवर हे सगळ्यात आधी करायचं. क्लिक नसलेल्या लिव्हरला थांबायची जागा माहीत नसते. थांबवतात ते हे दोन स्क्रू. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतःच्या सायकलवर घाईत डिरेलर बदलला, आतला स्क्रू नंतर बघू म्हणून सोडला आणि पहाटे दिवे घाटात निघालो. वडकी मागे पडल्यावर मोठ्या चकतीवर लिव्हर ओढला आणि डिरेलर थेट आऱ्यांत गेला. पाच आरे तुटले, हँगर पिळला, फ्रेमच्या कोपऱ्याला चीर गेली. ती फ्रेम पुन्हा रस्त्यावर आली नाही. तेव्हापासून मी केबल जोडायच्या आधीच, डिरेलर हाताने ढकलून, दोन्ही स्क्रू लावतो. मोठ्या चकतीवर वरची पुली चकतीच्या बरोबर खाली यावी आणि हाताने कितीही ढकलली तरी त्यापलीकडे जाऊ नये. मग चेनची लांबी: डिरेलरमधून न नेता मोठी रिंग आणि मोठी चकती यांच्यावरून चेन घ्या, त्यात एक इंच मिळवा. केबल सगळ्यात शेवटी.